टर्नटेबल घेऊन नऊ महिने झाले: हम, खरखर आणि शनिवारची मंडळी

टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड वाजवायचं मशीन, घेतलं तेव्हाच लिहिणार होते, पण पहिल्या आठवड्यात सगळंच भारी वाटतं म्हणून थांबले. आता नऊ महिने झालेत, एक पावसाळा काढलाय, एक बेल्ट बदललाय, सासऱ्यांचा राग पण निवळलाय, तर लिहायला हरकत नाही. कंपनीचं नाव लिहीत नाहीये कारण पुढे तक्रार येणारे आणि मला त्यावरून वाद नकोय. साधं बेल्ट ड्राइव्ह (मोटर रबरी बेल्टने चकती फिरवते) मशीन आहे, पूर्ण मॅन्युअल, म्हणजे सुई आपण ठेवायची आणि आपणच उचलायची, मूव्हिंग मॅग्नेट प्रकारचं कार्ट्रिज (सुई बसवलेला छोटा भाग), आत प्रीअँप (सुईचा सिग्नल मोठा करणारा डबा) नाही. वेगळा छोटा फोनो प्रीअँप आणि साफ करायचा ब्रश धरून पंचवीस हजाराच्या आत बसलं. स्पीकर घरात होतेच.

आधी रडगाणं. खोका उघडला तर झाकणाची एक बिजागरी तडकलेली. दुकानदार म्हणाला कंपनीला सांगा, कंपनी म्हणाली दुकानदाराला सांगा, या टोलवाटोलवीत तीन आठवडे गेले आणि शेवटी नवऱ्याने ती चिकटवली, अजून टिकलीये. दुसरा त्रास हमचा. रेकॉर्ड लावायच्या आधीच स्पीकरमधून घूंऽऽ, जुन्या फ्रीजसारखा. दोन रात्री केबली उलटसुलट करण्यात गेल्या आणि मग कळलं की मागून एक बारीक अर्थची वायर येते ती प्रीअँपच्या स्क्रूला लावायची असते, मी ती जास्तीची समजून गुंडाळून टेप मारून ठेवली होती. ही चूक माझीच. सुईतून येणारा सिग्नल जेमतेम चार-पाच मिलिव्होल्टचा असतो, त्यामुळे आजूबाजूच्या प्रत्येक वायरचं त्यात ऐकू येतं. आणि प्रीअँपचं काम फक्त आवाज मोठा करण्याचं नसतं हे पण तेव्हाच कळलं. रेकॉर्ड कापताना बास मुद्दाम कमी करतात आणि ट्रेबल वाढवतात, कारण बास आहे तसा कापला तर खाचा एवढ्या रुंद होतील की एका बाजूत दोन-तीन गाणी मावली तरी खूप. प्रीअँप ते सगळं परत सरळ करतो. म्हणून मशीन थेट ऑक्सला (स्पीकरच्या साध्या इनपुटला) लावलं की आवाज पत्र्याच्या डब्यातून येतो. भाच्याने मुद्दाम लावून बघितलं, खरंच येतो.

आता बाबांचा राग. सासऱ्यांकडे नाट्यसंगीताच्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे) रेकॉर्डी आहेत, ट्रंकेत, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या. मशीन आलं तसे ते पहिल्यांदा ट्रंकेकडे गेले. मला सांगावं लागलं की बाबा, यावर फक्त ३३ आणि ४५ वाजतात, ७८ चा स्पीड पण नाही आणि ही सुई त्या रुंद खाचेत तळाला जाऊन घासेल. त्यांनी ट्रंक बंद केली आणि एवढंच म्हणाले, "मग आणलंस कशाला?" पुढचे दोन महिने त्या खोलीत पाऊल नाही. तुमच्या घरात ७८ असतील तर मशीन घेताना तेवढं आधी बघा, आणि त्या लाखेच्या रेकॉर्डींना अल्कोहोल असलेलं क्लीनर चुकूनही लावू नका, लाख विरघळते.

ते परत आले ते तक्रार घेऊनच. शेजारच्या खोलीतून ऐकत होते, दारात येऊन म्हणाले सूर चढा लागतोय. मला काही कळेना, मी म्हटलं ओरिजिनलच तसं असेल. त्यांनी तानपुऱ्याचं अ‍ॅप काढलं, मी तेच गाणं फोनवर लावलं, दोन्हीत चांगला फरक. मग स्ट्रोबची, म्हणजे स्पीड तपासायची, चकती प्रिंट काढून रेकॉर्डच्या जागी ठेवली. आपल्याकडे ५० हर्ट्झ वीज, म्हणजे ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, त्या हिशोबाने चकतीवर १८० रेघा असल्या की बरोबर ३३⅓ ला त्या स्थिर दिसतात. एलईडीखाली ते नीट दिसत नाही, जुनी चोकवाली ट्यूब लागते, ती आमच्या न्हाणीघरात निघाली. त्यामुळे रात्री साडेदहाला तिघं जण न्हाणीघरात स्टुलावर टर्नटेबल ठेवून रेघा पुढे सरकतात का बघतोय हे दृश्य झालं. सरकत होत्या, स्पीड जास्तच होता. तळाशी बारीक स्क्रू आहे, पेचकसाने पाव वळण दिलं आणि रेघा थांबल्या. बेल्ट मात्र सात महिन्यांत सैल पडला, एवढ्यात पडायला नको होता असं माझं मत, सर्व्हिस सेंटरचं मत वेगळं आहे आणि बेल्टचे पैसे मीच भरले.

सुईच्या सेटिंगबद्दल एवढंच की कंपनीने लावून दिलंय यावर विश्वास ठेवू नका. सुईचा भार आमच्या कार्ट्रिजला दोन ग्रॅम लागतो, छोटा डिजिटल काटा स्वस्तात मिळतो, मोजला तर अडीचच्या वर. आणि कार्ट्रिजचा कोन पण चुकलेला, तो मला पिंक फ्लॉइड या बँडमुळे सापडला. 'डार्क साइड ऑफ द मून' (१९७३) ची पहिली बाजू गायिका क्लेअर टोरीच्या त्या शब्दाविना गाण्यावर संपते, आणि नेमकी ती वर चढते तिथे माझ्याकडे आवाज फाटायचा. आधी वाटलं रेकॉर्ड खराब. तसं नव्हतं. चकती एकाच वेगाने फिरते पण खाच आत आत जाते तशी सुईखालून सरकणारी लांबी निम्म्याहून कमी होते, तेवढ्याच जागेत सगळं दाटून बसतं, त्यामुळे मधल्या लेबलजवळ कोनातली जराशी चूक पण ऐकू येते. प्रोट्रॅक्टरचा (कोन जुळवायचा) कागद ठेवून तासभर खटपट केली. अजूनही शंभर टक्के गेलं नाहीये पण आता बाई गातात, किंचाळत नाहीत.

याच रेकॉर्डची दुसरी बाजू बाबांना खोलीत घेऊन आली. 'मनी' सुरू झालं, ते दारातच थांबले, बोटांची पेरं मोजायला लागले. एक-दोन-तीन, चार-पाच, सहा-सात. "अगं, हा रूपकात आहे की!" सॅक्सोफोनपर्यंत डोलत होते, गिटारचा सोलो सुरू झाल्यावर कपाळाला आठी, कारण तिथे गाणं सातातून सरळ चारात जातं. आणि ते परत सातावर आलं तेव्हा त्यांनी मांडीवर अशी थाप मारली की सुई उडाली. हो, हा पण दोष लिहून ठेवा, मशीन हलकं आहे, पाय साधे रबरी आहेत, चालताना जोरात पाऊल पडलं तरी उडी मारतं. आम्ही शेवटी भिंतीला फळी ठोकून वर ठेवलं, तेव्हापासून ठीक.

खरा वापर शनिवारी. मी, भाचा, सोसायटीतले एक रिटायर्ड बँकवाले काका, नवऱ्याचा साताऱ्याचा मित्र, आणि हल्ली बाबा. ज्याची पाळी त्याने एक अल्बम आणायचा, एक बाजू पूर्ण ऐकायची, मधे बोलायचं नाही, बाजू उलटताना चहा. वीस-बावीस मिनिटं गप्प बसणं भाच्याला पहिल्यांदा जड गेलं. तो पक्का लेड झेपलिन या रॉक बँडवाला. त्याने त्यांचा १९७१ चा चौथा अल्बम आणला, काका म्हणाले यात एका गाण्यात त्यांच्या गायकाबरोबर, प्लँटबरोबर, बाई गाते ती सँडी डेनी, पुढच्या वेळी तिचं आणतो. पुढच्या शनिवारी तिच्या बँडचा, फेअरपोर्ट कन्व्हेन्शनचा, 'लीज अँड लीफ', १९६९. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांच्या व्हॅनला अपघात झाला, एकोणीस वर्षांचा ड्रमर गेला, आणि उरलेल्यांनी नवे लोक घेऊन काही महिन्यांत हा अल्बम केला, मुख्यतः जुनी ब्रिटिश लोकगीतं, पण इलेक्ट्रिक गिटार आणि फिडलवर. भाचा चहाला उठलाच नाही.

तिथून आम्हाला चटकच लागली, कव्हरच्या मागची नावं वाचायची. या अल्बमचा प्रोड्यूसर जो बॉइड, त्यानेच गायक निक ड्रेकचे पहिले दोन अल्बम केलेत, म्हणून ते आणले. पहिल्यात डबल बास वाजवणारा डॅनी थॉम्प्सन, तो पेंटँगल या बँडचा, म्हणून पेंटँगल. दुसऱ्यात बास वाजवणारा डेव्ह पेग फेअरपोर्टचा आणि पुढे जेथ्रो टल या बँडमध्ये, म्हणून टल. फोनवरचं गाण्यांचं अ‍ॅप पण सुचवतं, नाही असं नाही, पण ते मला त्याच चार गाण्यांभोवती फिरवतं, आणि कुठून कुठे गेलो ते नंतर सांगता येत नाही. इथे वाण्याच्या उधारीसारखी वही ठेवलीये, कोणी काय आणलं, कोणाची रेकॉर्ड कोणाकडे आहे, परत कधी. एका कव्हरवर चहाच्या कपाचा गोल उमटलाय, तोही तारखेसकट नोंदलाय, नाव लिहीत नाही, त्याला माहितीये.

टलवरून आठवलं, साताऱ्याच्या मित्राची घरची शेती, त्याने विचारलं की यांच्यातला जेथ्रो कोण. कोणीच नाही, नाव अठराव्या शतकातल्या एका इंग्लिश शेतीतज्ज्ञाचं, ज्याने पेरणीचं यंत्र केलं. "म्हणजे पाभरवाला!" तेव्हापासून आमच्यात या बँडचं नाव पाभरवाले. त्यांचा 'साँग्ज फ्रॉम द वुड' (१९७७) आम्हाला जुन्या बाजारात मिळाला, बुधवारी, मागच्या कव्हरवर झाडाच्या बुंध्याचंच टर्नटेबल केलेलं चित्र आहे, ते बघून इतकी हुरळले की आत काय आहे ते बघायचं राहिलं. घरी येऊन काढली तर भजनं. जुनी रेकॉर्ड घेताना बाहेर काढून, उजेडात तिरकी धरून बघा, कितीही लाज वाटली तरी.

आवाजाचं म्हणाल तर 'डिजिटलपेक्षा शंभर पटीने उबदार' वगैरे मी म्हणणार नाही. जोरदार रॉक असेल तर खरखर झाकली जाते, येस बँडचा 'क्लोज टू द एज' तर अख्खी बाजू एकच गाणं, त्यात धुळीला कोण विचारतो. फोकला मात्र सगळं उघडं पडतं. निक ड्रेकचा 'पिंक मून' म्हणजे एक गिटार, एक आवाज, शीर्षकगीतात थोडासा पियानो, एवढंच. तिथे एक कण पण फटाक्यासारखा वाजतो. आणि जेनेसिसचा 'सेलिंग इंग्लंड बाय द पाउंड' दोन्ही बाजू मिळून पन्नास मिनिटांच्या वर, एवढं कोंबलं की खाच बारीक होते आणि आवाज दबतो, व्हॉल्यूम वाढवला की खरखर पण वाढते. हे मशीनचं पाप नाही. पावसाळ्यात पाच कव्हरांना बुरशी आली, तेव्हापासून रेकॉर्डी भिंतीपासून लांब, उभ्या, आणि कागदी पिशव्या काढून प्लॅस्टिकच्या घातल्यात.

घ्यावं का? घरात एकटं बसून बॅकग्राउंडला लावायला असेल तर नको, दर वीस मिनिटांनी उठावं लागतं आणि त्या पैशात चांगले स्पीकर येतील. ऐकायला दोन-तीन माणसं आणि खटपटीची हौस असेल तर घ्या, पण काटा आणि प्रोट्रॅक्टर पहिल्या दिवशी घ्या. सुई साधारण ५०० ते १००० तास चालते म्हणतात, माझे वहीप्रमाणे ३८० झालेत.

आणि ऑटो स्टॉप नाही, बाजू संपली तरी सुई शेवटच्या खाचेत फिरत राहते, एरवी नुसतं टक टक. पण काकांकडे फ्लॉइडचा 'अ‍ॅटम हार्ट मदर' आहे, १९७० चा, गायवाला, त्यांच्या भावाने तेव्हा लंडनहून आणलेला. त्यात दुसऱ्या बाजूच्या शेवटी नळ ठिबकतो आणि तो आवाज त्या शेवटच्या खाचेतच कापलाय, त्यामुळे उचलेपर्यंत ठिबकतच राहतो. आम्ही गॅलरीत गप्पा मारत बसलो होतो. सासूबाईंनी किचनचा नळ आवळला, मग न्हाणीघरातला, मग मोरीतला, आणि शेवटी प्लंबरला फोन लावून झाल्यावर आम्हाला विचारायला आल्या. आता ती बाजू लावायची असली की मी आधी किचनमध्ये सांगून येते.