बंक बेड करून घेताय? त्या थ्रीडी चित्रात पंखा आहे का बघा आधी

परवा बायकोच्या मोबाईलवर आमचा बंक बेड (एकावर एक असे दोन पलंग) करून दिलेल्या त्या माणसाचं स्टेटस दिसलं (माझा नंबर त्यानं कधीच ब्लॉक केलाय), तेच बंक बेडचं थ्रीडी चित्र, तीच निळी भिंत, खाली 'फक्त ५ दिवसांत घरपोच'. म्हटलं आता लिहूनच टाकावं, सोलापुरातल्या अजून कुणाचे तरी पैसे वाचतील.

आमचा फ्लॅट जुळे सोलापुरात, पोरांची खोली १० बाय १०. मोठा ९ वर्षांचा, धाकटी ५ ची. दोन कॉट टाकले की चालायला जागा नाही, म्हणून बंक बेड. ओळखीच्या एकानं हा माणूस सांगितला. आला, टेप भिंतीला लावल्यासारखी केली, चहा पिला आणि रात्री व्हॉट्सअ‍ॅपला चित्र. पोरं नाचायलाच लागली. ३८ हजार म्हणाला, "पाईप १६ गेज ओ मालक, काळजीच करू नका की" (गेज म्हणजे पत्र्याच्या जाडीचं माप), आणि २५ हजार अ‍ॅडव्हान्स. दिले मी. तेही दुकानाच्या नावावर नाही, कुणाच्या तरी वैयक्तिक नंबरवर, आणि पावती म्हणजे व्हिजिटिंग कार्डाच्या मागं लिहिलेला आकडा.

५ दिवसांचा बेड आला २२ व्या दिवशी, मी ऑफिसात असताना. त्याच्याकडच्या दोन कामगारांनी नटबोल्ट आवळले, बायकोकडनं उरलेले १३ हजार घेतले, गेले. संध्याकाळी खोलीत बघतो तर मोठा वर चढून बसलेला आणि डोक्याजवळ पंखा. लाईट गेलेली म्हणून बरं.

मग मी टेप घेतली, जे आधीच करायला पाहिजे होतं. पीओपीमुळं आमचं छत फरशीपासून ८ फूट ९ इंच. वरची फळी साडेपाच फुटांवर, त्यावर ६ इंचाची गादी, झाले ६ फूट, वर उरले २ फूट ९ इंच, एवढ्यात पोरगं बसतं कसंबसं, पण पंख्याची पाती छतापासून फूटभर खाली, मग राहिलं काय, पावणेदोन फूट. आता आडवं माप घ्या. १२०० एमएमचा पंखा म्हणजे मधल्या दांड्यापासून दोन्हीकडं जवळजवळ २-२ फूट. खोली १० फुटी, पंखा मधोमध, म्हणजे पात्याचं टोक भिंतीपासून ३ फुटांवर. आणि बेड फ्रेमसकट ३ फूट ४ इंच. पातं गादीच्या कडेवरनंच फिरणार की! शिडी पण त्याच बाजूला. चित्र परत उघडून झूम केलं तर त्यात पंखाच नाही, आणि छत १० फुटांचं. आमच्या खोलीचं माप त्यात घातलंच नव्हतं, कुठला तरी तयार माल आणून टाकला.

फोनवर म्हणाला पंखा काढा, भिंतीवरचा लावा. सोलापूरच्या मे महिन्यात छताखाली त्या कप्प्यात तू झोपून बघ म्हणावं एकदा.

कठडा फळीपासून ९ इंच, त्यातली ६ गादीनं खाल्ली, उरले ३. अमेरिकेत नियमच आहे म्हणे, कठडा गादीच्या वर किमान ५ इंच पाहिजे, आणि ६ वर्षांखालच्या पोराला वर झोपवूच नका सांगतात. आमच्या धाकटीला नेमकं वरच पाहिजे.

बरं, मोठा कूस बदलला की अख्खा बेड झुलायचा. शेजारच्या मामांचं आयुष्य फॅब्रिकेशनमध्ये गेलंय, त्यांनी पाईपवर टिचकी मारली, "हा तर तेलाचा डबा हाय की बे", टोकाची प्लास्टिक टोपी काढून जाडी मोजायचा कॅलिपर लावला तर १ एमएमसुद्धा भरेना. १६ गेज म्हणजे १.६ एमएम. हा निघाला २० गेज. गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो हेच मला माहीत नव्हतं, मला वाटायचं उलटं. मामा म्हणाले २ बाय २ इंचाचा २० फुटी पाईप १६ गेजचा असला तर १४-१५ किलो भरतो, हा ९ पण भरणार नाही, आणि वेल्डिंगच्या जागी पुट्टी लावून रंग मारलाय ते वेगळंच.

त्यानंतर फोन उचलणं बंद. दुकानावर गेलो तर शटर खाली, शेजारचा म्हणाला भाड्यानं होते, गेले. १९१५ वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर, तक्रार केली. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही, हे मला उशिरा कळलं, मग चॅट, ते चित्र, पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट सगळं प्रिंट मारून अर्ज दिलाय. पक्कं बिल नाही म्हणून ओळखीचे वकील जरा नाक मुरडतात.

सध्या मामांनी वरचा भाग कापून दिलाय, खाली धाकटी झोपते, मोठा फरशीवर गादी टाकून. कापलेला सांगाडा गच्चीवर पडलाय. भंगारवाला दोनदा विचारून गेला, पण मामा म्हणतात निकाल लागेपर्यंत देऊ नको, तोच तुझा पुरावा.