जॅकेट चढवलेला रोबो की मुळातच सीलबंद?

आयसोलेटरमध्ये (औषध निर्जंतुकपणे भरण्याच्या बंद कक्षात) वायल, म्हणजे औषधाच्या छोट्या कुप्या, हाताळायला रोबो बसवायचा हे पक्कं झालं, की खरा पेच पुढे असतो. नेहमीचा सहा अक्षांचा रोबो घेऊन त्यावर जॅकेट (पॉलिमरचं संरक्षक आवरण) चढवायचं, की कक्ष निर्जंतुक करणारी हायड्रोजन पेरॉक्साइडची वाफ सोसणारा सीलबंद रोबो घ्यायचा? स्टॉब्लीची स्टेरिक्लीन मालिका ही या दुसऱ्या गटातली. मी दोन्ही वापरले आहेत. पोहोच, भार आणि अचूकतेच्या तक्त्यांत फार अडकू नका. या कामाला दोन्हीकडची पुरून उरते.

जॅकेटवाल्याची बाजू लंगडी नाही. खर्च कमी, रोबो लवकर हाती येतो, प्रोग्रॅमिंग येणारी माणसं सहज मिळतात. जिथे नुसतं द्रावणाने पुसून भागतं किंवा रोबो बंद पाकिटंच उचलतो, तिथे मीही बहुधा तोच घेईन.

मला नडलं ते एअरेशन. वाफेचं सायकल संपलं की उरलेलं पेरॉक्साइड बाहेर काढावं लागतं. माणसाच्या सुरक्षिततेसाठी ८ तासांच्या सरासरीला १ पीपीएम ही रूढ मर्यादा आहे, पण औषध प्रथिनाचं असेल तर त्याच्याही बरंच खाली उतरावं लागतं, कारण पेरॉक्साइडने प्रथिनातल्या मेथिओनिन या अमिनो आम्लाचं ऑक्सिडीकरण होतं. जॅकेटचं पॉलिमर वाफ शोषतं आणि सावकाश सोडत राहतं. सेन्सरचा आकडा खाली आला म्हणून काम सुरू करावं, तर रोबो हलायला लागताच तो पुन्हा चढायचा. मनगटाशी पाहिलं की कारण कळायचं: हात दुमडला की जॅकेटच्या चुण्या मिटतात, सरळ झाला की उघडतात आणि आत अडकलेली वाफ मोकळी होते. उलट, सायकल चालू असताना मिटलेल्या चुणीत वाफ पोहोचली का, ही धास्ती वेगळीच. बायोलॉजिकल इंडिकेटर (जंतू खरंच मेले का हे दाखवणारा बीजाणूंचा नमुना) नेमका तिथेच लावावा लागतो, आणि तिथेच तो नीट बसत नाही.

त्यात जॅकेट म्हणजे शेवटी, माणसाने बाहेरून हात घालायला आयसोलेटरला बसवलेले असतात तसा, आणखी एक मोठा ग्लव्हच. युरोपीय जीएमपीचं (औषधनिर्मितीच्या नियमावलीचं) सुधारित अ‍ॅनेक्स १ (२५ ऑगस्ट २०२३ पासून लागू) आयसोलेटरच्या ग्लव्हची गळती-तपासणी किमान प्रत्येक बॅचच्या किंवा कॅम्पेनच्या (एकाच उत्पादनाच्या सलग बॅचेसच्या) सुरुवातीला आणि शेवटी करायला सांगतं. ग्लव्हचा वापर कमी व्हावा म्हणून रोबो आणायचा आणि भोकाची तीच चिंता त्याच्या अंगावर चढवायची, हे मला काही पटत नाही.

सीलबंद रोबोचा गुळगुळीत, उघडा पृष्ठभाग इथे सुटसुटीत पडतो. आमच्याकडे एअरेशन लवकर आटोपू लागलं आणि, महत्त्वाचं म्हणजे, दर वेळी सारखंच. हा रोबो महाग आहे, आणि उघडायची वेळ आली तर उत्पादकाच्या माणसाची वाट पाहावी लागते, हे मान्य. ग्रिपरच्या (वायल पकडणाऱ्या पंजाच्या) हवेच्या नळ्या मात्र बाहेरून लोंबकळू देऊ नका. तसं केलंत तर निम्मा फायदा तिथेच जातो.

एकदा निर्जंतुक करून बरेच दिवस एकच उत्पादन भरत असाल, तर फरक कदाचित फारसा जाणवणार नाही. उत्पादन वारंवार बदलत असेल तर मी सीलबंदच सुचवेन. ऑर्डरआधी पुरवठादाराकडून एअरेशनचा आलेख जरूर मागा, आणि तो रोबो हलता ठेवून घेतलेला असू द्या.