नेरूळमधले दोन ड्रायव्हिंग क्लास: एकात लायसन्स मिळालं, दुसऱ्यात गाडी आली

दोन्ही क्लासची नावं टाकत नाहीये. पहिल्याबद्दल चांगलं बोलणार नाहीये म्हणून, आणि दुसऱ्याचे काका स्वतःच म्हणाले की ताई नाव नका टाकू, आधीच सकाळची बॅच फुल आहे. तसंही नेरूळ-सीवूड्समध्ये दर नाक्यावर एक क्लास आहे, गाडीवरचं नाव बघून काही कळत नाही, शेजारच्या सीटवर कोण बसतंय त्यावर सगळं असतं.

माझं वय 42. स्कूटी कधी चालवली नाही, सायकल नववीत सुटली. नवऱ्याची बदली नाशिकला झाली आणि आमची वॅगनआर खाली पार्किंगमध्ये कव्हर घालून पडून राहिली, दोनदा बॅटरी उतरली, नंतर वॉचमन सांगत आला की ताई कव्हरच्या आत मांजर व्यायलीय. तेव्हा म्हटलं आता बास, शिकायचं.

लर्निंगचं आधारवरून घरबसल्या झालं. चाळिशीच्या वर असाल तर डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं, फॉर्म 1-ए, ते आधीच करून ठेवा. लर्निंग 6 महिने चालतं आणि 30 दिवस झाल्याशिवाय पक्क्या लायसन्सची टेस्ट देता येत नाही, म्हणून घाई करून काही फायदा नाही.

पहिला क्लास. साडेपाच हजार, 21 दिवस, रोज अर्धा तास असं सांगितलेलं, पण गाडीत आम्ही तिघी, एक चालवणार आणि दोघी मागे, त्यात एकीला घरून घ्यायचं एकीला स्टेशनला सोडायचं, म्हणजे चालवायला मिळायची जेमतेम पंधरा मिनिटं. सर एकदम गोड बोलायचे. मॅडम तुम्ही फक्त स्टेअरिंगकडे बघा, बाकी टेन्शन घेऊ नका. आणि खरंच टेन्शन आलं नाही हो! चौथ्या दिवशी मी पाम बीच रोडवर गाडी चालवत होते, तिसऱ्या गिअरमध्ये, समोरून सूर्य येतोय, मागच्या दोघी वा वा करतायत. एकदाही गाडी बंद पडली नाही. मला वाटलं आपल्यात उपजतच आहे हे, उगाच वीस वर्षं घाबरलो.

शेवटचे पाच-सहा दिवस टेस्टसाठी नुसतं गाडीने आठचा आकडा काढणं आणि रिव्हर्स. टेस्ट पास झाले, महिन्याभरात लायसन्स घरी आलं, घरच्या ग्रुपवर फोटो टाकला, सगळ्यांनी पेढे मागितले.

मग पहिल्यांदा एकटी आमच्या गाडीत बसले. सोसायटीच्या बेसमेंटमधून वर यायला एक रॅम्प आहे, लहान मुलं त्याच्यावरून स्केटिंग करतात इतका साधा. त्या रॅम्पवर गाडी सात वेळा बंद पडली. मोजलंय मी. आठव्यांदा मागे घसरायला लागली आणि मागे जोशीकाकूंची नवीकोरी गाडी. हँडब्रेक ओढला, वॉचमनला हाक मारली, त्याने गाडी वर काढून दिली आणि वर आल्यावर विचारलं, ताई तुम्ही क्लास लावला होता ना?

झालं काय होतं ते दुसऱ्या क्लासला गेल्यावर कळलं. क्लासच्या गाडीला शिकवणाऱ्याच्या बाजूलाही पेडल असतात, तसा नियमच आहे आणि असायलाच पाहिजे. पण आमचे गोड सर 21 दिवस स्वतःच क्लच मारत होते. मी वरून स्टेअरिंग फिरवत होते आणि खाली गाडी ते चालवत होते. जत्रेत घोड्यावर बसवून फोटो काढतात ना, तसं.

दुसरा क्लास म्हणजे क्लास पण नाही, एक जुनी गाडी आणि एक काका, चाळीस वर्षं बस चालवून रिटायर झालेले. दहा दिवसांचे चार हजार, गाडीत एका वेळी एकच माणूस. पहिल्या दिवशी काका बाजूला बसले, चपला काढल्या, दोन्ही पाय वर घेतले आणि सीटवर चक्क मांडी घातली. म्हणाले, बघा, माझे पाय कुठेत? तुमच्या डोळ्यासमोर. आता गाडी चालली तर तुम्ही चालवली आणि बंद पडली तर तुम्ही पाडली. त्या दिवशी मी अकरा वेळा पाडली. काका दर वेळी एवढंच, पुन्हा लावा.

मग त्यांनी दोन्ही तळहात समोरासमोर धरले. हा हात इंजिन, हा फिरतोय. हा चाकाकडचा, हा उभा. क्लच दाबला की दोन्ही लांब, सोडला की चिकटले. एकदम चिकटवले तर फिरणारा हात पण थांबतो, म्हणजे गाडी बंद. हळूहळू घासत आणले तर दुसरा पण फिरायला लागतो. ते घासणं म्हणजे हाफ क्लच. पहिल्या क्लासमध्ये हाफ क्लच हा शब्द मी शंभरदा ऐकला असेल पण ते काय आहे हे बेचाळिसाव्या वर्षी त्या दोन हातांनी कळलं. तीन दिवस त्यांनी मला एक्सलेटरला पायच लावू दिला नाही, फक्त क्लचवर गाडी मुंगीसारखी पुढे न्यायची आणि थांबवायची, वंडर्स पार्कच्या मागच्या रस्त्याला, सकाळी साडेसहाला. वॉकवाले आजोबा आमच्यापेक्षा फास्ट जायचे.

सहाव्या दिवशी बेलापूरला पारसिक हिलवर. मधोमध चढावर गाडी उभी करायला लावली, हँडब्रेक. आता क्लच सोडत या, घाई नको, आवाज ऐका. इंजिनचा आवाज जरा जड झाला, बॉनेट किंचित उचलल्यासारखं वाटलं. काका म्हणाले, तिला जायचंय, तुम्ही हँडब्रेकने धरून ठेवलंय, आता थोडी रेस द्या आणि सोडा. सोडला आणि गाडी मागे एक इंचही न जाता वर गेली. मी ओरडले. काका तिथेच मांडी घालून, शांत.

तक्रारी पण आहेत. गाडीला एसी नावालाच, मे महिन्यात जाऊ नका. मेसेजला उत्तर देत नाहीत, फोनच करावा लागतो. आम्र मार्गावर नेलं नाही, जेएनपीटी बंदराच्या कंटेनरच्या बाजूने जायची मला अजून धडकी भरते, ते एकदा करून घ्यायला हवं होतं. आणि पार्किंगला एकच दिवस दिला, तो पण मोकळ्या मैदानात दोन विटा ठेवून. विटा काय, हलवता येतात.

फी भरायच्या आधी फोनवर दोनच गोष्टी विचारा: गाडीत एका वेळी किती जण असतात, आणि चढावर शिकवता का. दुसऱ्यावर समोरचा हसला तर फोन ठेवा.

पहिल्याला दोन स्टार, लायसन्स मिळालं तेवढ्याचे. काकांना चार. एक पार्किंगसाठी कापला, कारण पुढच्या बंपरला आमच्या बेसमेंटच्या पिलरचा पिवळा रंग लागलाय आणि ते अजून नाशिकला कळवलेलं नाही.