ओरिएंटेशन घ्यावं की थेट वर्गात जावं?

बीबीए-बीएमएसच्या मुलांसाठी ग्रंथालयाने काय करावं, असं नवे ग्रंथपाल विचारतात. वेळ एकाच गोष्टीला असेल, तर जूनमध्ये सभागृहात सगळ्यांचं ओरिएंटेशन घ्यायचं, की प्रोजेक्टचे विषय वाटले जातात त्या आठवड्यात शिक्षकांचा एक तास मागून घ्यायचा? मी दोन्ही केलंय.

ओरिएंटेशन सोयीचं, यात वाद नाही. एका सकाळीत सगळे वर्ग उरकतात, एन-लिस्टचं (कॉलेजांना ई-पुस्तकं आणि ई-जर्नल्स देणारी योजना) लॉगिन कसं करायचं ते सांगून होतं, कॉलेजचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फायलीला फोटो आणि हजेरीपत्रक मिळतं (त्याची किंमत ग्रंथपालच जाणे). पण तेव्हा मुलांना काही शोधायचंच नसतं. दिवाळीनंतर काउंटरवर ‘सर, पासवर्ड विसरलो’ सुरू होतं. तेवढं चालवून घेतलं असतं.

मला खुपलं ते वेगळंच. उपकंपन्या असलेल्या कंपनीच्या वार्षिक अहवालात हिशेब दोनदा येतात: स्टँडअलोन (फक्त त्या कंपनीचे) आणि कन्सॉलिडेटेड (उपकंपन्या धरून). मुलं एका वर्षाचा आकडा इथून उचलतात, पुढच्या वर्षाचा तिथून. एका प्रोजेक्टमध्ये अशीच विक्री एकदम फुगली होती आणि खाली पानभर ‘यशस्वी मार्केटिंग’चं विवेचन! तेही बाइंडिंग करून, सोनेरी अक्षरांत. दर वर्षी असं एखादं हाती यायचंच.

सभागृहात हे शंभरदा सांगा, कुणाच्या डोक्यात शिरत नाही. वर्गात ज्याची त्याची कंपनी समोर असते. बीएसईच्या साइटवरून तिचा अहवाल काढायचा, दोन्ही नफा-तोटा पत्रकं शेजारी लावायची. “म्हणजे फरक तो उपकंपन्यांचा धंदा?” एकीने विचारलं. आपसातली खरेदी-विक्री त्यातून वगळतात, हे अकाउंट्सच्या मॅडमनी तिथल्या तिथे फळ्यावर करून दाखवलं. मला एकट्याला ते इतकं नीट जमलं नसतं. कुणी शेअर बाजारात नोंदणी नसलेली कंपनी धरली असेल तर तेही तेव्हाच कळतं. ती आयपीओच्या वाटेवर असेल तर सेबीच्या साइटवर मसुदा प्रॉस्पेक्टस (हिशेबांसकट कंपनीची माहिती देणारा दस्तऐवज) सापडतो. नाहीतर एमसीए, म्हणजे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या, पोर्टलवर कागदपत्रांसाठी पैसे भरा, किंवा वेळ आहे तोवर कंपनी बदला.

अर्थात पाच-सहा तुकड्या आणि ग्रंथालयात एकटेच तुम्ही, तर काउंटर कोण सांभाळणार? अशांनी ओरिएंटेशन सोडू नये. बाकीच्यांनी निदान एका विषयाच्या शिक्षकांकडून प्रोजेक्ट वाटपाची तारीख आत्ताच मागून ठेवावी. टाइमटेबल लागलं की तास मिळणं अवघड होतं.