पोर्ट टॅलबटसाठी सभागृहात कोणी काय विचारले? हॅन्सार्ड, सेनेड आणि सोबतच्या सेवांचे परीक्षण

वेल्समधल्या एखाद्या लोकप्रतिनिधीने आपल्या भागातल्या कारखान्यासाठी आणि नोकऱ्यांसाठी सभागृहात नेमके काय विचारले, त्यावर मंत्र्यांनी काय उत्तर दिले, हे कुणालाही फुकट आणि घरबसल्या तपासता येते. त्यासाठी मुख्यतः पाच सेवा आहेत: ब्रिटिश संसदेचे इतिवृत्त म्हणजे हॅन्सार्ड, लेखी प्रश्नोत्तरांचे वेगळे संकेतस्थळ, कामकाजाचे चित्रण दाखवणारे पार्लमेंटलाइव्ह टीव्ही, कार्डिफच्या सेनेडची (वेल्सच्या संसदेची) स्वतःची नोंद आणि मायसोसायटी ही सेवाभावी संस्था चालवते ते 'दे वर्क फॉर यू' हे संकेतस्थळ. पाचही चांगल्या आहेत. पण कोणत्या प्रश्नासाठी कोणती उघडायची हे ठाऊक नसेल, तर खासदाराने काहीच केले नाही असा चुकीचा निष्कर्ष अगदी सहज निघतो.

कसोटीसाठी वेल्समधल्या पोर्ट टॅलबट गावचा पोलाद कारखाना घेऊ. 2007 मध्ये कोरस कंपनीसोबत तो टाटांकडे आला. 19 जानेवारी 2024 रोजी दोन्ही झोतभट्ट्या (ब्लास्ट फर्नेस) बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला. ब्रिटनभरात 2,800 पर्यंत नोकऱ्या जाणार होत्या आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा पोर्ट टॅलबटचा होता. झोतभट्ट्यांच्या जागी 125 कोटी पौंडांची इलेक्ट्रिक आर्क भट्टी यायची, त्यातले 50 कोटी पौंड सरकारचे. नवी भट्टी वर्षाला 30 लाख टन पोलाद करू शकेल, पण ती भंगार वितळवते. कोक भट्ट्या नाहीत, खनिजापासून कच्चे लोखंड काढणे नाही, म्हणून तेवढी माणसेही लागत नाहीत. सभागृहातला सारा वाद याच जागी आहे. शोध घेतानाही हे लक्षात असू द्यावे. नुसते 'स्टील' टाकले की हजारो नोंदी अंगावर येतात, पण 'ब्लास्ट फर्नेस', 'कोक ओव्हन्स', 'प्रायमरी स्टीलमेकिंग' (खनिजापासून पोलाद करणे) असे नेमके शब्द इंग्रजीत, अवतरणचिन्हांत टाकले की कामाच्या नोंदी वर येतात.

आधी हॅन्सार्ड. भाषण झाल्यावर साधारण तीन तासांत मजकूर वाचायला मिळतो आणि ही गती खरोखर कौतुकाची आहे. मात्र तो शब्दशः नसतो. पुनरुक्ती काढलेली असते, उघड चुका दुरुस्त केलेल्या असतात. अर्थ बदलत नाही, पण एखादे वाक्य अवतरणात वापरायचे असेल तर व्हिडिओशी ताडून घ्यावे. ताज्या नोंदीचा हवाला देण्याची घाईही करू नये. दिवसाची नोंद पक्की झाली की खंड आणि स्तंभ क्रमांक घेऊनच हवाला द्यावा.

हॅन्सार्डच्या शोधात सर्वांत जास्त फसगत मतदारसंघाच्या नावाने होते. कॉमन्समध्ये, म्हणजे ब्रिटिश संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, सदस्य एकमेकांना नावाने हाक मारत नाहीत. पोर्ट टॅलबटचा मतदारसंघ ॲबराव्हन, म्हणून 'ॲबराव्हनचे माननीय सदस्य' असे म्हणतात आणि कंसात नाव हॅन्सार्डचे संपादक घालतात. त्यामुळे 'ॲबराव्हन' शोधले की इतरांनी केलेले ओझरते उल्लेखच ढिगाने येतात आणि खुद्द त्या भागाबद्दलचे मुद्दे खाली दबतात. गावाचे नाव, म्हणजे 'पोर्ट टॅलबट', शोधणे कितीतरी बरे. शिवाय 2024 मध्ये मतदारसंघांची फेररचना झाली. वेल्सच्या जागा 40 वरून 32 झाल्या आणि ॲबराव्हनचा अबेरावान मायस्टेग झाला. सलग दहा वर्षांचे कामकाज पाहायचे असेल तर दोन्ही नावे लागतात. त्याहून सोपा उपाय म्हणजे थेट सदस्याच्या पानावर जाऊन त्याची सगळी भाषणे तारखेप्रमाणे लावणे.

शून्य नोंदी दिसल्या तरी लगेच कुणाला दोष देऊ नये, याचे पोर्ट टॅलबटइतके चांगले उदाहरण दुसरे सापडणार नाही. पाचव्या क्रमांकाची झोतभट्टी जुलै 2024 च्या पहिल्या आठवड्यात थंडावली. त्याआधी 24 मे रोजी संसदेचे सत्र संपले होते, 30 मे रोजी संसद विसर्जित झाली आणि नवी संसद 9 जुलैला भरली. मधल्या काळात खासदारच नव्हते, तर प्रश्न कोण विचारणार? चौथ्या क्रमांकाची भट्टी 30 सप्टेंबर 2024 रोजी बंद झाली. तेव्हा पक्ष-अधिवेशनांसाठी कॉमन्सला सुटी होती आणि कामकाज 7 ऑक्टोबरला पुन्हा सुरू झाले. म्हणजे दोन्ही भट्ट्या ज्या दिवशी विझल्या त्या दिवसांची हॅन्सार्डची पानेच नाहीत. घटनेच्या तारखेवर शोध लावू नये. आधी बैठकांचे वेळापत्रक पाहावे, मग मागेपुढे महिनाभराची खिडकी उघडावी. सप्टेंबर 2024 पुरते सांगायचे तर सुटी लागण्याच्या तोंडावर, 11 तारखेला, उद्योगमंत्री जोनाथन रेनॉल्ड्स यांनी टाटांसोबतच्या कराराबाबत कॉमन्समध्ये निवेदन केले. त्यावरची प्रश्नोत्तरे वाचल्याशिवाय भट्टी बंद होण्याचा संदर्भ लागत नाही. आणखी एक गोष्ट: 50 कोटींच्या मदतीची पहिली घोषणा 15 सप्टेंबर 2023 ची आणि नोकरकपातीची 19 जानेवारी 2024 ची. दोन्ही दिवस शुक्रवार होते. अशा वेळी पुढच्या सोमवारपासून पाहायला सुरुवात करावी.

प्रश्नोत्तरांच्या तासाबद्दलही थोडे सांगायला हवे. वेल्स खात्याचे तोंडी प्रश्न बुधवारी साडेअकराला, पंतप्रधानांच्या प्रश्नांआधीचा अर्धा तास, आणि तेही काही आठवड्यांतून एकदा. कोणाचा प्रश्न लागेल हे सोडतीवर ठरते. छापलेला प्रश्न मुद्दाम गुळगुळीत ठेवलेला असतो: पोलाद उद्योगाबाबत सहकारी मंत्र्यांशी काय चर्चा केली, अशा धर्तीचा. खरा मुद्दा उपप्रश्नात येतो. म्हणून नुसत्या मथळ्यांवर नजर फिरवून पुढे जाणारा वाचक नेमका महत्त्वाचा भाग गमावतो. स्थानिक उद्योगासाठी सर्वांत भरीव मजकूर मिळतो तो वेस्टमिन्स्टर हॉलच्या (कॉमन्सच्या दुसऱ्या चर्चा-दालनाच्या) अर्ध्या तासाच्या चर्चेत किंवा दिवसाच्या शेवटी होणाऱ्या तहकुबी चर्चेत. एक सदस्य पंधरा-वीस मिनिटे एकाच विषयावर बोलतो आणि मंत्र्याला त्याच विषयावर उत्तर द्यावेच लागते, मध्ये पळवाट फारशी नसते. हॅन्सार्डमध्ये वेस्टमिन्स्टर हॉलचा विभाग वेगळा असतो, तो उघडायला विसरू नये.

आता लेखी प्रश्न. या पाचांत सर्वाधिक उपयोगी आणि सर्वांत दुर्लक्षित सेवा हीच. सप्टेंबर 2014 पासून लेखी उत्तरे हॅन्सार्डबाहेर, स्वतःच्या संकेतस्थळावर असतात. हे ठाऊक नसलेले लोक हॅन्सार्डमध्येच शोधत बसतात. प्रत्येक प्रश्नाला क्रमांक असतो, प्रश्न मांडल्याची आणि उत्तराची तारीख असते, उत्तर देणारे खाते असते. 'नामांकित दिवसा'चा प्रश्न असेल तर ठरलेल्या दिवशी उत्तर आले पाहिजे. असे प्रश्न एका खासदाराला दिवसाला पाचच विचारता येतात, म्हणून कुणी तो पर्याय वापरला असेल तर विषयाची निकड समजावी. त्या दिवशी काही वेळा केवळ तात्पुरते उत्तर मिळते आणि खरे नंतर येते. म्हणून पान पुन्हा उघडून पाहावे.

खात्याप्रमाणे नोंदी निवडण्याच्या गाळणीत (फिल्टरमध्ये) मोठी अडचण आहे. पोलादाचे खाते नाव बदलत राहिले: 2016 पर्यंत व्यवसाय, नवोन्मेष व कौशल्ये, मग फेब्रुवारी 2023 पर्यंत व्यवसाय, ऊर्जा व औद्योगिक धोरण, त्यानंतर व्यवसाय व व्यापार. गाळणीत एकच नाव निवडले की बाकीची वर्षे गायब होतात. विजेच्या दराचा प्रश्न ऊर्जा सुरक्षा खात्याकडे जातो, बेरोजगार भत्त्याचा श्रम व निवृत्तिवेतन खात्याकडे. वेल्स खात्याकडे गेलेल्या प्रश्नाचे उत्तर बहुतेकदा 'संबंधित मंत्र्यांशी नियमित बोलणे चालू आहे' इतकेच असते. त्यात खासदाराची चूक नसते, अधिकारच त्या खात्याकडे नसतात.

उत्तर टाळण्याच्या वाटाही ओळखता याव्यात. माहिती गोळा करायला 850 पौंडांहून जास्त खर्च येत असेल तर खाते 'अवाजवी खर्च' म्हणून नकार देऊ शकते. एका कंपनीचे आकडे मागितले तर व्यावसायिक गोपनीयता आडवी येते. म्हणून जाणता खासदार प्रश्न अरुंद करतो: अमुक योजनेत अमुक तारखेपर्यंत किती रक्कम दिली, मंत्री अमुक संघटनेला कधी भेटले. असा प्रश्न टाळणे अवघड जाते. एखाद्या लोकप्रतिनिधीचे काम जोखायचे असेल तर प्रश्नांची संख्या मोजू नये. आधीच्या उत्तरातला धागा पकडून पुढचा प्रश्न विचारला आहे का, ते पाहावे. आकडेवारीचे प्रश्न सांख्यिकी प्राधिकरणाकडे जातात आणि उत्तर जोडपत्रातल्या पत्रात असते. पानावर 'सोबतचे पत्र पाहावे' इतकेच दिसले तर जोडपत्र उघडावे, सगळे आकडे तिथे असतात. सत्र संपताना अनुत्तरित राहिलेले प्रश्न रद्द होतात. मे 2024 मध्ये निवडणूक अचानक लागल्यावर हेच झाले. ते प्रश्न नव्या संसदेत नव्याने मांडावे लागतात आणि त्यांना नवा क्रमांक मिळतो.

एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. खासदार मंत्री झाला की त्याचे प्रश्न थांबतात. ॲबराव्हनचे स्टीफन किनॉक 2015 पासून पोलादावर सातत्याने बोलत आले. जुलै 2024 मध्ये ते आरोग्य खात्यात मंत्री झाले. त्या तारखेनंतर त्यांच्या नावावर पोलादाचे प्रश्न दिसणार नाहीत, कारण मंत्री दुसऱ्या मंत्र्याला सभागृहात प्रश्न विचारत नाही. अशा वेळी शेजारच्या मतदारसंघांचे सदस्य, विरोधी बाके आणि कॉमन्सच्या वेल्श व्यवहार समितीच्या सुनावण्या पाहाव्यात. 12 एप्रिल 2025 चा शनिवार तर पूर्ण वाचण्यासारखा आहे. इंग्लंडमधल्या स्कन्थॉर्पचा पोलाद कारखाना वाचवण्यासाठी त्या दिवशी संसद सुटीतून बोलावली गेली. प्लाइड कम्री या वेल्श राष्ट्रवादी पक्षाच्या लिझ सॅव्हिल रॉबर्ट्स यांनी पोर्ट टॅलबटला मिळालेल्या वागणुकीशी तुलना करून सरकारला जाब विचारला. वेल्सच्या मनातली सल समजायला त्या दिवसाचे हॅन्सार्ड पुरेसे आहे.

पार्लमेंटलाइव्हवर सुरुवातीची आणि शेवटची वेळ देऊन हवा तेवढा तुकडा काढता येतो. आवाजाचा चढउतार, मागच्या बाकांवरची प्रतिक्रिया ऐकायला उत्तम. संशोधनासाठी मात्र आधी हॅन्सार्डमध्ये वेळ शोधावी आणि मगच इथे यावे, नाहीतर तास वाया जातात.

सेनेडची नोंद लंडनच्या संसदेपेक्षा नीटनेटकी आहे. प्रत्येक भाषणाशेजारी वेळ आहे आणि तिथून थेट व्हिडिओवर जाता येते. वेल्श भाषणाचे इंग्रजी रूप मिळते आणि पूर्ण बैठकीची अंतिम नोंद दोन्ही भाषांत असते. मंगळवार-बुधवारी बैठक, बुधवारी तातडीचे विषय. कॉमन्स बंद असताना जून 2024 मध्येही इथे कामकाज चालू होते आणि ती पोकळी भरायला हीच नोंद उपयोगी पडते. फक्त अधिकारांची सीमा ध्यानात ठेवावी. व्यापार, आयातशुल्क, वीजबाजार हे विषय लंडनकडे. प्रशिक्षण, कौशल्ये, स्थानिक विकास कार्डिफकडे. नोकरी गेलेल्यांना नव्या प्रशिक्षणासाठी मदत करणारी 'रिॲक्ट प्लस' योजना वेल्श सरकारची, त्यामुळे तिच्यावरची ठोस उत्तरे इथेच सापडतात. झोतभट्टी चालू ठेवा, ही मागणी इथे मांडली तर मंत्री लंडनकडे बोट दाखवतात.

'दे वर्क फॉर यू'ची ताकद ईमेल सूचनांत आहे. शब्द द्यावा, पत्ता द्यावा, दुव्यावर टिचकी मारून खात्री करावी, बस. कॉमन्स, वरिष्ठ सभागृह लॉर्ड्स आणि सेनेड तिन्ही एका जागी येतात. फक्त 'स्टील' एवढाच शब्द ठेवू नये, आडनावांसकट सगळे येत राहते. 'पोर्ट टॅलबट' अवतरणात, 'टाटा स्टील' अवतरणात, आणि टिनपत्र्याच्या कारखान्यासाठी 'ट्रॉस्ट्रे', अशा तीन वेगळ्या सूचना ठेवल्या तर टपाल हाताळण्याजोगे राहते.

सूचना सदस्याच्या नावाने लावल्या असतील तर मे 2026 च्या निवडणुकीपासून त्या नव्याने लावाव्या लागतात. नव्या कायद्याने सेनेडचे सदस्य 60 चे 96 होतात, मतदारसंघ 16 आणि प्रत्येकात सहा सदस्य. पोर्ट टॅलबट 'अवान ओगुर ऱ्होंडा' या मतदारसंघात येते, म्हणजे एका कारखान्यासाठी सहा नावे.