दिवो लागलो काय? : बोट ओढायला घेतलेली जुनी डिझेल फोर-बाय-फोर, १४ महिन्यांनंतर

इंजिन ऑइल कमी होतं हे सगळ्यांना माहीत असतं. ते वाढतंसुद्धा, हे मला या गाडीने शिकवलं. फेब्रुवारीत एका सकाळी डिपस्टिक पुसून पुन्हा घातली, काढली, तर तेल वरच्या खुणेच्याही बोटभर वर. मी थेंबही ओतला नव्हता. वास घेतला, तर चक्क डिझेलचा. दोन बोटांत चोळून बघितलं, तर पाण्यासारखं पातळ. हे सगळं लिहून काढायचं तेव्हाच ठरवलं होतं, पण तेव्हा लिहिलं असतं तर नुसत्या शिव्या झाल्या असत्या.

गाडीचं नाव मुद्दामच लिहीत नाही. नाव आलं की दोन्हीकडचे भक्त जमतात आणि मूळ मुद्दा राहतो बाजूला. शिवाय हा त्रास कुठल्या एका कंपनीचा नाही. बीएस-६ (सध्याच्या प्रदूषण नियमांचं) डिझेल कोणाचंही घ्या, डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडकवणारी जाळी, आलाच.

माझं काम मालवणजवळच्या देवबागला, कर्ली नदीच्या बाजूला. बोटीच्या मागे बसवायच्या आउटबोर्ड मोटरी दुरुस्त करतो. बोट उतारावरून वर ओढायची, शेडमध्ये आणायची, काम झालं की परत पाण्यात सोडायची. उतार ते शेड अंतर चारशे मीटर. ट्रॉलीसकट भरलेली बोट कुडाळच्या वजनकाट्यावर ९२० किलो भरली. सीझनमध्ये आठवड्याला दहा-बारा फेऱ्या. आधी भाड्याचा ट्रॅक्टर सांगायचो, पण त्याची वाट बघण्यात भरती निघून जायची.

तेव्हा समोर तीन गाड्या होत्या. पहिली जिप्सी. वाळूत तिच्यासारखी चालणारी गाडी मी पाहिली नाही, पण तिचं स्वतःचं वजन जेमतेम टनभर आणि इंजिन तेराशे सीसीचं. नाकापेक्षा मोती जड. ओल्या उतारावर बोटच गाडीला पाण्यात घेऊन गेली असती. उरल्या दोन, दोन्ही २०२१ च्या, एकाच मॉडेलच्या. एक टर्बो पेट्रोल, २८ हजार किलोमीटर चाललेली. दुसरी डिझेल, ६२ हजार चाललेली, तरी ७० हजार रुपयांनी महाग. ज्याला विचारावं तो एकच वाक्य बोलायचा, "ओढायचं असेल तर डिझेल." मी स्वतः मेकॅनिक, तरी त्या वाक्याला भुललो. दसऱ्याला डिझेल दारात आली. ती पेट्रोल माझ्या चुलतभावाने घेतली, आणि बरं झालं, कारण त्यामुळे पुढचं सगळं तोलून बघता आलं.

पहिले दोन महिने मी खूश होतो. फोर-लोमध्ये (चारही चाकांना जोर, वेग कमी) पहिला गिअर टाकला की ॲक्सिलरेटरला पाय न लावता गाडी बोट घेऊन उतार चढते. क्लच जळल्याचा वास नाही, चाक फिरणं नाही. भावाच्या पेट्रोललाही हे जमतं, फक्त निघताना थोडी रेस द्यावी लागते. फरक आहे, पण ७० हजारांचा नाही.

डिसेंबरात डॅशबोर्डवर डीपीएफचा दिवा लागला.

ज्यांच्याकडे नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डिझेलच्या धुरातली काजळी सायलेन्सरच्या आधीच्या जाळीत अडकते. जाळी भरत आली की गाडी जादा डिझेल सोडून ती काजळी जाळते, त्याला सहाशे अंशांच्या आसपास तापमान लागतं. त्यासाठी गाडी थोडा वेळ सलग वेगात पळायला हवी. माझी गाडी दिवसभरात चारशे मीटर जाणार, तेही फोर-लोमध्ये, चालत्या माणसाच्या वेगाने. मग बंद. जाळायला सुरुवात होते न होते तोच मी चावी फिरवतो. अर्धवट राहिलेलं डिझेल सिलिंडरच्या कडेने उतरतं खाली तेलात. डिपस्टिकचं कोडं हेच.

सर्व्हिस सेंटरवाल्यांनी (कुठलं ते विचारू नका) लॅपटॉप लावून जाळीतली काजळी जाळून दिली, तेल बदललं आणि बिल हातात दिलं, ९,४०० रुपये. वॉरंटीत का नाही, असं विचारल्यावर तिथला मुलगा म्हणाला, "सर, गाडीत प्रॉब्लेम नाहीये. तुम्ही गाडी चालवतच नाही." मी म्हटलं, रोज चालवतो. त्याने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. सरासरी वेग, ताशी ७ किलोमीटर. अर्धा तास वाद घातला, चहा दोनदा आला, पण त्या सातच्या आकड्यापुढे बोलण्यासारखं काही नव्हतं. पैसे भरले. राग आजही गेलेला नाही, आणि तो नेमका कोणावर काढायचा हेही कळत नाही.

तिथून सुरू झाली 'दिव्याची फेरी'. दिवा लागला की देवबागहून मालवण, मालवणहून कुडाळ, तिथे हायवेला लागून झारापपर्यंत ऐंशीच्या वेगात जायचं, आणि तसंच परत. हायवेवर वीसएक मिनिटं मिळतात, तेवढ्यात दिवा विझतो. घरातून निघून घरी येईस्तोवर शंभरेक किलोमीटर, सहा-सव्वासहाशेचं डिझेल, आणि हातात काय, तर एक विझलेला दिवा. महिन्यातून तीनदा. देवबाग ते मालवण रस्त्यावर काही जमेल म्हणाल तर ती अपेक्षाच सोडा. एका बाजूला माड, दुसऱ्या बाजूला गडगा, समोरून पर्यटकांची बस.

वाडीत ही बातमी लपून राहिली नाही. शेजारच्या काकींचं बँकेतलं काम कुडाळला. त्या रोज सकाळी गडग्यापलीकडून विचारायला लागल्या, "बाबू, दिवो लागलो काय रे?" नाही म्हटलं की चेहरा पडायचा. "मगे उद्या लागतलो," म्हणून मलाच धीर द्यायच्या. मग कोणाची मिक्सरची दुरुस्ती, कोणाची डोळ्यांची तपासणी, कोणाला पिंगुळीला पाहुण्यांकडे जायचं. एकदा तर मागच्या सीटवर दोन कोंबडे होते. हायवेवर ताशी ऐंशीने काजळी जळतेय, बोनेटखालून तापलेल्या लोखंडाचा वास येतोय, पंखा बोंबलतोय आणि कोंबडे त्याला उत्तर देतायत. मधेच थांबवायची सोय नाही, थांबलं की जाळणं अर्धवट. पिंगुळीच्या पाहुणीला झारापवरून परत येताना सोडलं. ती अजून बोलत नाही.

मार्चमध्ये वही काढून हिशेब मांडला. दिव्याच्या फेऱ्या सोडून महिन्याला माझं सगळं मिळून चालणं चारशे किलोमीटर. डिझेल सरासरी ११ देते, पेट्रोल याच कामाला साडेसात दिलं असतं. आमच्याकडचे भाव धरले, डिझेल ९१ आणि पेट्रोल १०५, तर डिझेलमुळे महिन्याला २,२९० रुपये वाचतात. त्यातून दिव्याच्या तीन फेऱ्यांचे १,८६० वजा. उरले ४३०. काकींनी दिलेल्या शेवग्याच्या शेंगा यात धरलेल्या नाहीत. गाडीला जादा मोजलेले ७० हजार या वेगाने वसूल व्हायला साडेतेरा वर्षं लागतात. त्याआधीच गाडीची नोंदणीची पंधरा वर्षं भरतात. आणि ते ९,४०० कुठे टाकायचे, यासाठी वहीत रकानाच सापडला नाही.

हे लिहिणं इथेच थांबलं असतं, तर निष्कर्ष सोपा होता. पेट्रोल घ्या आणि गप्प बसा. एप्रिलमध्ये मी भावाला तसं बोललोही, आणि त्याने ते चारचौघांत सांगितलंही.

पण मग फोंडा घाट आला.

राधानगरीच्या बाजूला एकाला बोट महिन्याभरासाठी हवी होती. पोचवायच्या दिवशी माझी गाडी दुसऱ्या कामासाठी गॅरेजला, म्हणून भावाची पेट्रोल लावली. कणकवली सोडेपर्यंत मस्त. इंजिनचा आवाज नाही, धूर नाही, मागे बोट आहे हेच विसरायला होतं. घाट लागला आणि दुसऱ्या गिअरच्या वर जाता येईना. गाडी ओढत होती, ताकदीला कमी नव्हती, पण पेट्रोलचा काटा मिनिटकाट्यासारखा डोळ्यांदेखत खाली येत होता. दाजीपूरला पोचेपर्यंत भाऊ एकही शब्द बोलला नाही. टाकी पुन्हा भरून हिशेब केला, तर पाचच्या जरा वर. त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्श्याने ऊर्जा कमी, म्हणजे लिटर भरायचं आणि लिटरभर काम मिळायचं नाही. (याच इथेनॉलमुळे पावसाळाभर टाकीत पेट्रोल ठेवलेल्या मोटरी माझ्याकडे पाऊस संपला की रांगेने येतात. तळाला पाणी, वर पेट्रोल. पोट त्यावरच चालतं, म्हणून फार बोलत नाही.)

मे महिन्यात हंगाम संपताना तीच बोट खाली आणली, आणि महिनाअखेर दुसरी एक दुरुस्त करून वर पोचवली. या वेळी माझी डिझेल. निघताना दिवा लागलेला होता आणि मी त्याला शिव्या देत होतो. घाट चढताना तिसरा गिअर, इंजिन दोन हजार आरपीएमच्या खाली, गाडीला काही झाल्यासारखंच नाही. अर्ध्या घाटात बघतो, तर दिवा गेलेला. न थांबता, न पळवता. साहजिकच होतं, मीच मूर्ख. ओझं घेऊन चढणारं इंजिन धूर इतका तापवतं की जाळी आपोआप साफ होते. एव्हरेज नऊ आलं. दिवा पुढे पाच आठवडे लागला नाही.

म्हणजे गाडी ओढण्यासाठीच होती. ओढतच नव्हतो तो मी. चारशे मीटर बोट सरकवणं हे ओढणं नव्हे. ते काम पूर्वी रापणीची माणसं दोरी धरून करायची, कोणाला डीपीएफ नव्हता.

उताराबद्दल एक गैरसमज सांगतो, कारण जो तो तो सांगतो. डिझेल गाडी उतारावर जास्त धरते म्हणतात, कम्प्रेशन जास्त म्हणून. बोट खाली आणताना तिसऱ्या गिअरवर गाडी पळायलाच लागली. दाबलेली हवा स्प्रिंगसारखी परत ढकलते, तिथे फारसं काही अडत नाही. पेट्रोलमध्ये पाय काढला की थ्रॉटल बंद होऊन इंजिनाला हवा ओढताना दम लागतो, म्हणून तीसुद्धा चांगली धरते. दुसऱ्यावर आणली तेव्हा जीव भांड्यात पडला. माझ्या ट्रॉलीला ब्रेक नाहीत, म्हणजे नऊशे वीस किलो गाडीच्या ब्रेकवर. इंधन कुठलंही असो, ज्या गिअरने चढता त्याच्याहून एक खालचा उतरायला.

आणि हुकावरचा भार. पहिल्याच दिवशी साठच्या वेगाला ट्रॉली शेपटीसारखी हलायला लागली तेव्हा मी गाडीच्या सस्पेन्शनला दोष दिला. वडिलांनी नुसतं बघितलं आणि म्हणाले, "उलाळ झालीय ती." बैलगाडीत मागे ओझं जास्त झालं की जू वर उचललं जातं, तेच. मासळीचा जुना तराजू शेडच्या वाशाला टांगला आणि ट्रॉलीचं नाक त्याच्या आकड्याला अडकवलं, तर फक्त ३५ किलो. मोटर मागे, टाकी मागे, नांगरही मागे. बोट पुढे सरकवून, टाकी नाकाकडे घेऊन ते ९० वर आणलं, म्हणजे एकूण वजनाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. त्यानंतर ऐंशीलाही ट्रॉली सरळ. याला खर्च शून्य, म्हणून हा माझा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत आवडता भाग.

ट्रॉलीची चाकं लांबून आल्यावर गरम असताना खाऱ्या पाण्यात घालू नका. हब एकदम थंड होऊन सीलमधून पाणी आत ओढतो, महिन्याभरात बेअरिंग रडायला लागतं. चहा प्या, मग बुडवा.

जूननंतर आम्ही भावांनी चाव्या बदलल्या. कागदपत्रं, विमा जिथल्या तिथे, फक्त चाव्या. त्याला काजूच्या कामाने आठवड्यातून दोनदा कोल्हापूरला जावं लागतं, तो डिझेल नेतो. मी पेट्रोल उतारावर वापरतो. चारशे मीटरला पेट्रोल कितीही पिऊ दे, पिऊन पिणार किती? घाटात बोट न्यायची असली की एक दिवसासाठी चाव्या परत. डिपस्टिक दर रविवारी मीच बघतो, दोन्ही गाड्यांची. तेल खुणेवर आहे. दिवा चार महिन्यांत एकदाही लागलेला नाही.

काकींचं बँकेतलं केवायसी मात्र राहिलंय. त्या आता मला विचारत नाहीत. परवा भावाच्या अंगणात गाडीच्या खिडकीतून आत वाकून डॅशबोर्ड बघत होत्या.