डबीतला क्ले, घरचा गोळा की खानापूरची माती?

बालवाडीच्या बाई म्हणाल्या, "पेन्सिल अजून मुठीतच धरते. चार ओळी काढल्या की हात दमतो. घरी क्ले खेळू दे." मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. आता साडेपाचची आहे. मधल्या काळात आमच्याकडे विकतचा क्लेही झाला, घरी शिजवलेला मैद्याचा गोळाही झाला आणि मातीही झाली. तुमच्याकडे याच वयाचं मूल असेल आणि काय आणावं असा प्रश्न पडला असेल, तर आमचा अनुभव कदाचित उपयोगी पडेल.

सुरुवात अर्थात डबीनं झाली. इथल्या बेळगावच्या गणपत गल्लीतून सहा रंगांचा संच आणला. त्याचे गुण आधी सांगतो. तो मऊ असतो, त्यामुळे दोन-अडीच वर्षांच्या पोराला, ज्याच्या बोटांत अजून बळच नाही, त्याला तो फार बरा. रंग सुरेख, हाताला घाण नाही. सोबतचे साचे मात्र मी महिन्याभरातच कपाटावर ठेवून दिले. साच्यात दाबलं की मासा तयार होतो, पण दाबायचं काम तळहात करतो आणि बोटं नुसती बसून राहतात. आपल्याला हवी आहे ती अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांची चिमूट. पेन्सिल तीच धरते, शर्टाचं बटण तीच लावते.

पण माझा कल फिरला तो साच्यांमुळे नव्हे, रंगांमुळे. सहा रंग म्हटल्यावर पोरगी ते मिसळणारच. मिसळले की दोन दिवसांत सगळ्याचा एकच मातकट गोळा होतो. झाकण जरा सैल राहिलं की सकाळी भुगा, आणि तो सतरंजीच्या विणीत जाऊन बसतो. म्हणून मी सारखा मागे असायचो, "मिसळू नको, झाकण लाव, तेवढाच घे." एकदा संध्याकाळी तिनं लाल साप वळला. डोळ्यांसाठी पिवळ्याची बारीकशी गोळी चिमटीत घेतली, अगदी बाईंना हवी होती तशी चिमूट, आणि हात तिथेच थांबला. माझ्याकडे बघून म्हणाली, "पप्पा, लावू काय डोळे? मिसळंल." ते मला फार लागलं. बोटं मोकळी व्हावीत म्हणून आणलेली वस्तू, आणि तिच्यापायी मीच तिची बोटं अडवत होतो.

दुसऱ्या दिवशी घरचा गोळा केला. दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ, दोन वाट्या पाणी, दोन चमचे तेल, दोन चमचे लिंबाचा रस. सगळं कालवून मंद आचेवर हलवत राहायचं, कढईच्या कडा सुटल्या की उतरवायचं आणि कोमट झाल्यावर चांगलं मळायचं. रंगाला हळद किंवा पालकाचा रस. अमेरिकेत १९५६ साली खेळणं म्हणून बाजारात आलेल्या प्ले-डोचा पायाही गव्हाचं पीठ, मीठ आणि पाणी हाच आहे, त्यामुळे आपण काही कमी दर्जाचं देतोय असं मनात आणू नका. मोठा फायदा म्हणजे घट्टपणा आपल्या हातात राहतो. बोटांत जोर येत जाईल तसं थोडा मैदा वाढवून गोळा कडक करायचा. आत हरभरे लपवून शोधायला द्या, लांब वळी करून बोथट कात्रीनं कापायला द्या. आम्ही वळ्यांची अक्षरंही करतो. कन्नड अक्षरं गोल असल्यानं पटकन जमतात, मराठीला शिरोरेषेची सरळ काडी वेगळी वळावी लागते.

आणि आमच्या आईनं तर यात जीवच ओतला. तिनं नातीला खिरीत घालायचे गव्हले वळायला बसवलं. अंगठा आणि बोटाच्या मध्ये तांदळाएवढा कण फिरवायचा, दाब जास्त झाला तर चपटा होतो, कमी पडला तर वळतच नाही. नखुले, बोटवे, मालत्या, वळवटाचा सगळा प्रकारच बोटांच्या टोकांचा आहे. पोरगी पहिल्या दिवशी सात गव्हले वळून दमली. उन्हाळ्यात ताटलीभर झाले.

घरच्या गोळ्याला खोटही आहे. बेळगावचा पाऊस एकदा लागला की मीठ ओल ओढतं आणि गोळा पाझरून हाताला चिकटतो. मग तव्यावर चमचाभर मैद्यात पुन्हा परतून घ्यावा लागतो. नखाजवळ सोललेलं असलं तर मीठ झोंबतं. मीठ भरपूर असल्यानं तोंडात घालू देऊ नये. घरात कुत्रं असेल तर गोळा त्याच्यापासून लांबच ठेवा, एवढं मीठ त्याच्या जिवावर बेतू शकतं. गव्हाची ॲलर्जी असलेल्या मुलांनाही हा चालणार नाही.

मातीबद्दल थोडक्यात. बेळगावजवळच्या खानापूरची माती कौलांसाठी आणि भांड्यांसाठी नावाजलेली आहे, कुंभारकाम शिकवणारी केंद्रीय संस्थाही तिथे आहे. ओळखीच्या कुंभारमामांकडून पाटीभर आणली होती. जोर लागतो तो इथे, खांद्यापासून बोटांपर्यंत. आमच्या आईच्या मते बेंदराला मातीचे बैल करणाऱ्या पोरांना वेगळ्या व्यायामाची गरजच नव्हती, आणि मला ते पटतं. पण वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत रोज माती काढणं आम्हाला झेपलं नाही.

तुमचं मूल तीनच्या आतलं असेल किंवा घरात शिजवायला कुणाला सवड नसेल, तर डबी घ्या, फक्त एकाच रंगाची घ्या. चारच्या पुढे मी तरी घरचाच गोळा देईन. माती आम्ही दिवाळीच्या किल्ल्यासाठी राखून ठेवली आहे. यंदा पायऱ्या आणि बुरुजावरचे मावळे ती करणार, असं तिनं आत्ताच सांगून ठेवलंय.